शेंगेत येते ते सगळं

“मले का फरक पडते.”

पवनीच्या आमच्या विणकर गल्लीत हे वाक्य कोणाचं, ते कोणालाही विचारा. सेवकराम निखारेचं. ऊन तापलं तरी तेच, माग मोडला तरी तेच, नळाला पाणी आलं नाही तरी तेच.

पूर्वी या वाक्यात हसू होतं. त्याची बायको पार्वताबाई चुलीपाशी बसून विचारायची, “मीठ कमी झालं का हो?” आणि हा वाटी बोटानं पुसून साफ करत म्हणायचा, “मले का फरक पडते.” ती लाटणं उगारायची. मग माग सुरू व्हायचा. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एकच मातीची भिंत. तिच्यातून इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचा आवाज यायचा, आणि त्याच्या मागून पार्वताबाईच्या चरख्याची कुरकुर. मला कोणत्या शाळेनं लिहायला शिकवलं नाही. वाक्य कुठे ओढायचं आणि कुठे सोडायचं, ते मी त्या भिंतीला पाठ लावून शिकलो, आणि त्यात अजून कोणी खोट काढलेली नाही.

गोंदिया जिल्हा आमच्यापासून वेगळा होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. गोसीखुर्दच्या धरणात पाणी अडू लागलं होतं आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या हळूहळू दिसेनाशा होत होत्या. त्या दिवसांत एका दुपारी सुताच्या कांड्या भरता भरता पार्वताबाईनं चरख्यावर डोकं टेकलं. सेवकरामला वाटलं, डुलकी लागली असेल. त्यानं तिला उठवलं नाही. सुरू केलेला काठ पुरा झाल्यावर त्यानं हाक मारली.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सेवकराम रडला नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, नागपूरला नोकरीवर असलेला मुलगा संजीव परत गेला. घरात तो आणि मुलगी मंजुषा, एवढेच उरले. मंजुषा शिलाई मशीन चालवायची आणि आता आईचा चरखाही चालवू लागली. सेवकरामचं वाक्य तेच राहिलं. त्यातलं हसू मात्र आटलं, मडक्यातलं पाणी आटावं आणि मडकं जागच्या जागी राहावं तसं.

पुढच्या पितृपक्षात तो गयेला गेला. सोबत भैय्याजी होता. गल्लीच्या तोंडाशी भैय्याजीचा पानठेला आहे. त्याची आई त्याच वर्षी वारली होती. गयेची रीत अशी की पिंड देऊन झाले की माणसानं आपल्या आवडीचं काहीतरी खाणं सोडायचं, गेलेल्याच्या नावानं, जन्मभरासाठी. लोक यातही शहाणपण करतात. जे पानात कधी येत नाही तेच सोडतात. भैय्याजीनं फणस सोडला.

“फणस तुनं कधी खाल्ला?” तो परत आल्यावर मी विचारलं.

“म्हणूनच त सोडला,” भैय्याजी म्हणाला. “माय बी कुठं खात होती?”

सेवकरामला हे जमलं नाही. नदीच्या वाळूत तो ओंजळीत पाणी घेऊन उभा होता आणि पंडा घाई करत होता. पार्वताबाईला वाल आवडायचे. परसातल्या कुंपणावर तिनं वालाचा वेल चढवला होता. दाणे ओले असले की आम्ही त्यांना पोपट म्हणतो, वाळले की वाल. तिच्या हातची वालाची उसळ याच्या आवडीची. पण तुरीचं घट्ट वरणही तिच्याच हातचं, बरबटीची, म्हणजे चवळीची, उसळही तिच्याच हातची. त्याला एक निवडता आलं नाही. तो म्हणाला, “शेंगेत येते ते सगळं,” आणि पाणी सोडून दिलं.

गल्लीत यावर पुष्कळ दिवस चर्चा चालली.

“भुईमुगाचं का मंग?” भैय्याजी पानाला चुना लावत विचारायचा. “थो त जमिनीत येते.”

“शेंगेतच येते ना,” सेवकराम म्हणायचा.

“बेसन?”

“हरभरा कशात येते?”

“मंग सोयाबीनचं तेल बी गेलं, बावा. तू का हवा खाऊन राहाशीन?”

भैय्याजीनं हे चिडवायला म्हटलं होतं. पण सेवकरामनं ते खरं धरलं. आमच्याकडे बहुतेक घरांत सोयाबीनचंच तेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरात वनस्पती तुपाचा डबा आला. मग वरण नाही, उसळ नाही, झुणका नाही, दाण्याची चटणी नाही. ढीगभर भात, त्यावर आलूचा रस्सा, रस्स्यावर बोटभर तर्री, आणि ती तर्री त्या वनस्पती तुपाची. रविवारी मटण. मंजुषा आपल्यासाठी वेगळं वरण लावायची आणि ते बापाच्या पानाजवळ येऊ नये म्हणून आडोशाला ठेवायची. आपण मोठं पथ्य पाळतो आहोत, असं त्या घराला वाटत होतं.

एकदा मंजुषा रस्स्यात मीठच टाकायला विसरली. सेवकराम जेवून उठला, हात धुतले, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. ती स्वतः जेवायला बसली तेव्हा तिला कळलं. ती माझ्या घरी आली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

“काका, बाबा अळणी जेवले. पुरं जेवले.”

“बोलला नाही काई?”

“नाही. त्यांले समजलंच नाही.”

त्या दिवसापासून तिला धास्ती बसली. माय कांड्या भरता भरता गेली होती. बाप धोटा फेकता फेकता जाईल, असं तिला वाटायचं. दुपारी माग थांबला की तिचीही मशीन थांबायची. माग पुन्हा वाजला की तिची मशीन वाजायची. मी भिंतीच्या अलीकडून हे दोन्ही ऐकत असे. शेवटी तिनं बापाला ओढूनच दवाखान्यात नेलं. तपासून तरी घ्या, म्हणाली. तो म्हणाला, “मले का फरक पडते,” आणि चप्पल घालून निघाला. नकार द्यायलाही त्याच्यात जोर नव्हता. रस्त्यात मंजुषानं मला हाक मारली म्हणून मीही गेलो.

बाजाराच्या रस्त्यावर डॉक्टर सरिताचा दवाखाना नवीनच होता. तिचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं; बापानं मजुरी करून शिकवली. रक्ताचा अहवाल आला तो पाहून ती म्हणाली, “काका, हृदयाची पट्टी, ईसीजी, चांगली आहे. पण रक्तात कोलेस्टेरॉल चढलं आहे. जेवणात काय काय असते?”

सेवकरामऐवजी मंजुषानं सांगितलं. सांगता सांगता ती वनस्पती तुपावर आली तेव्हा डॉक्टरनं डोळे मिटून घेतले.

“तो डबा आजच बंद,” ती म्हणाली. “तर्री बंद. अन् रोज वाल, बरबटी, मसूर, काहीतरी खात जा.”

“शेंगेतलं त सोडलं आहे त्यांनी,” मंजुषा म्हणाली. “मायच्या नावानं. गयेले.”

डॉक्टर हसली नाही, चिडलीही नाही. ती बौद्ध घरची. पिंडाची रीत तिच्या घरची नव्हती. पण पाण्याखाली गेलेल्या गावाचं दुःख तिलाही ठाऊक होतं. जरा वेळ पेन हातात फिरवत ती म्हणाली, “मंग ओट्स. ते शेंगेत नाही येत. धानासारखे लोंबीतच येतात. जवस बी चालते.”

“त्यानं का होते, बाई?” मी विचारलं.

तिनं सेवकरामच्या बोटांकडे पाहिलं. विणकराची बोटं लपत नाहीत. “काका, तुम्ही सुताले खळ लावता ना? तसंच आहे. आपलं शरीर कोलेस्टेरॉलपासून पित्त करते. पित्त आतड्यात उतरते, चरबी पचवते, अन् बहुतेक सगळं फिरून वापस जाते. ओट्समध्ये, वालामध्ये एक चिकट तंतू असते. पाण्यात फुगून खळीसारखं होते ते. थोडं पित्त त्या खळीत अटकते अन् पोटातून बाहेर निंगून जाते. मंग यकृताले नवीन पित्त कराव लागते. त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेते. रक्तातलं कमी होते.”

“पुरं जाते?” मंजुषानं विचारलं.

“पुरं नाही. थोडंच उतरते, अन् सावकाश. भाताच्या ढिगावरून वाटीभर ओट्स खाल्ले तर काही उपयोग नाही. भात कमी करून त्याच्या जागी खायचे. उन्हाळ्यापर्यंत पाहू. नाही उतरलं तर गोळी.”

सेवकराम खिडकीबाहेर पाहत होता. त्यातलं त्यानं काय ऐकलं, ते आम्हाला पुढे कळलं.

संजीवनं नागपूरहून ओट्सची पाकिटं पाठवली. मंजुषा रोज सकाळी मऊ शिजवून, चवीला गुळाचा खडा टाकून वाडगा मागापाशी ठेवायची आणि आपल्या मशीनवर जाऊन बसायची. वाडगा रिकामा परत यायचा. तिला बरं वाटायचं. मशीनचा आवाज मोकळा झाला होता. वनस्पतीचा डबाही तिनं माझ्या बायकोला दिवे लावायला देऊन टाकला आणि जवसाचं तेल आणलं. जवस बोंडात येतं, शेंगेत नाही, हे तिनं स्वतः बापाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “बरं.” पण दुपारी तो भैय्याजीच्या ठेल्याशेजारच्या हॉटेलात जाऊन वनस्पतीच्या तर्रीचा आलू-रस्सा भात खायचा, हे तिला माहीत नव्हतं. भूक म्हणून नव्हे. सवयीनं पाय जायचे.

उन्हाळ्यात पुन्हा रक्त दिलं. उतरलं नव्हतं. उलट थोडं चढलं होतं.

डॉक्टरनं अहवाल दोनदा वाचला. “ओट्स रोज खाल्ले?”

“रोज,” मंजुषा म्हणाली. “मी सोता शिजवले.”

डॉक्टरनं गोळी लिहून दिली आणि आम्ही उन्हातून घरी आलो.

चुगली मुंग्यांनी केली. त्याच दिवशी मंजुषा केर काढत होती तर मागाच्या खांबावरून तांबड्या मुंग्यांची एक रांग चढत होती. खांबावरून दोरीवर, दोरीवरून ताण्यावर. ताणलेल्या पांढऱ्या सुतावर मुंग्या पांगल्या होत्या. तिनं सुताला बोट लावलं आणि बोट जिभेला लावलं. गोड लागलं.

मागाशेजारी खळीचं मडकं असतं. सूत पिंजारलं की कुंचा बुडवून त्यावरून हात फिरवायचा. तिनं मडक्याचं झाकण काढलं. तळाशी ओट्स होते.

पुढचं मी भिंतीतून ऐकलं.

“बाबा, ओट्स सुताले लावले?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“काहून?”

खोटं बोलायलाही मन लागतं. ते त्याच्याजवळ नव्हतं. “डॉक्टर बाई म्हणे, खळीसारखं असते. पाह्यलं त खरंच खळ. लावून पाह्यलं. सूत गुळगुळीत निंगलं.”

“मागाचं कोलेस्टेरॉल उतरवून राहिले होते का तुम्ही?”

त्यावर कोणी हसलं नाही.

“तुम्हाले काई झालं त?” मंजुषा म्हणाली.

“मले का फरक पडते.”

यानंतर लोट्याचा आवाज आला. मी उठून त्यांच्या दारात गेलो. मंजुषा मागाच्या खड्ड्यासमोर जमिनीवर बसली होती. उजव्या ओंजळीत पाणी होतं. “बाबाच्या नावानं,” ती म्हणाली, “मी भात सोडला. जन्मभर.”

आमच्या धानाच्या मुलखात भात सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. सेवकराम खड्ड्यातून अर्धा उठला आणि त्यानं तिचं मनगट पकडलं. पाणी खड्ड्यात सांडलं.

“येडी झाली का? जित्या माणसाच्या नावानं नाही सोडत, पोरी.”

“जित्ते आहा का तुम्ही?”

त्यानं मनगट सोडलं नाही. मी दारातून मागे फिरलो. त्या दिवशी माग वाजला नाही आणि मशीनही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेलो तर पलीकडे सेवकराम कुंपणापाशी उभा होता. पार्वताबाई गेल्यापासून त्या वेलाला कोणी हात लावला नव्हता. तो आपला फुलायचा, शेंगा धरायचा, शेंगा वाळायच्या, दाणे खाली पडून पुन्हा उगवायचे. त्यातल्या बऱ्याच शेंगा अजून वेलावरच होत्या, कागदासारख्या वाळलेल्या. वारा आला की त्या खुळखुळायच्या. मी तो आवाज दोन हिवाळे ऐकला होता. सेवकराम एकेक शेंग खुडून पंच्यात टाकत होता. हळूहळू खुळखुळ थांबली.

भैय्याजी तंबाखू द्यायच्या निमित्तानं आला होता. त्यानं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

“सेवक्या, गयेचं पाणी सोडलेलं आहे तुनं.”

“हो.”

“मंग?”

“तिले मी सांगून दीन.”

भैय्याजी घुटमळला. “आसं कर. बदलून टाक. गयेचं पाणी का अन् आपली वैनगंगा का. थे हाटेलातली तर्री सोड. पार्वतावहिनीच्या नावानं नसन सोडाचं त माह्या नावानं सोड.”

“जित्या माणसाच्या नावानं नाही सोडत,” सेवकराम म्हणाला आणि पंचा उचलून आत गेला.

वाल रात्रभर भिजले. सकाळी मंजुषानं ते चांगले उकडून उसळ केली. मला आणि माझ्या बायकोलाही बोलावलं. एकटीच्यानं ते ताट वाढवत नव्हतं. भात थोडा, उसळ जास्त. सेवकरामनं पहिला घास घेतला. चावत राहिला. आम्ही आपापल्या पानाकडे पाहत होतो.

“तुही माय साल काढत होती,” तो म्हणाला.

“डॉक्टर बाईनं नाही म्हणलं. सालीत बी तंतू असते म्हणे.”

“हूं.” त्यानं दुसरा घास घेतला. “तिच्यासारखे नाही झाले.”

मंजुषा उठून परसात गेली. पोरीला लागलं, असं समजून मी मागून गेलो. ती रिकाम्या वेलाला धरून उभी होती.

“काका,” ती म्हणाली, “बाबाले चव लागली.”

त्यानंतर त्या घरात रोज काही ना काही शेंगेतलं शिजलं. रात्री गोळी, सकाळी कधी ओट्स, आणि ते ओट्स मंजुषा समोर बसून खाऊ घालायची. वाडगा मागापाशी ठेवणं बंद. पहिले काही दिवस सेवकरामच्या पोटात वारा धरला. माग वाजते का सेवकराम वाजते, असं भैय्याजी रस्त्यावरून ओरडायचा. डॉक्टरनं सांगितलं, हळूहळू वाढवा, पाणी जास्त प्या, पोटाला सवय होते. सवय झाली. हॉटेलातून येणारा तर्रीचा वास तसाच यायचा, पण दुपारी त्याचे पाय तिकडे जाईनासे झाले. त्यानं ती कोणाच्या नावानं सोडली का, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तो सुधारला, हसू लागला, असं मी लिहिणार नाही. तसं झालं नाही. तो बोलायचा तेवढंच बोलायचा. धोटा फेकताना त्याचा चेहरा खळ दिलेल्या सुतासारखा ताठ असायचा. फक्त एखाद्या दिवशी जेवताना म्हणायचा, आज तिखट झालं. किंवा, आज मीठ बरोबर आहे. मंजुषा ते वाक्य घेऊन भिंतीपाशी यायची आणि मला सांगायची.

दिवाळीच्या आधी पुन्हा रक्त दिलं. अहवाल घ्यायला आम्ही तिघं गेलो. डॉक्टर सरितानं कागद पाहिला आणि मग सेवकरामकडे.

“उतरलं, काका. चांगलं उतरलं आहे.”

“वालानं?” मंजुषानं विचारलं.

“गोळीनं जास्त. वालानं अन् ओट्सनं काहीतरी. तेलकट बंद झालं त्यानं बी. कशानं किती, ते मले नाही सांगता येत. पण यातलं काहीच सोडू नका. फरक पडला आहे, काका.”

आम्ही दोघांनी सेवकरामकडे पाहिलं. ते वाक्य आता येणार, हे आम्हाला माहीत होतं. मंजुषानं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

सेवकरामनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग उठून म्हणाला, “वाल भिजत घालाव लागते.”

पायरीवर चप्पल घातली आणि तो निघाला. आमच्यासाठी थांबला नाही. घरी जायला डावीकडे वळायचं. तो उजवीकडे, घाटाच्या रस्त्याला लागला. पार्वताबाईला जिथे नेलं, तो रस्ता. तिले मी सांगून दीन, म्हणाला होता; ते राहिलेलं सांगायला चालला असेल. हात मागे बांधलेले होते, मान थोडी वाकलेली होती, आणि चाल तीच, मागावरून उठलेल्या माणसाची, जरा फेंगडी.

“जाऊ का मी मागून?” मंजुषानं विचारलं.

“नको,” मी म्हणालो.

ती अहवाल छातीशी धरून दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिली. तिच्या मागे दारात डॉक्टर. रस्त्यापलीकडे भैय्याजी बाजारातून पानांचा गठ्ठा घेऊन येत होता. त्यानं हाक मारायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. सेवकराम वळणावर गेला, तिथे एका बैलगाडीच्या आड झाला, पुन्हा थोडा दिसला, आणि मग घाटाच्या उतारावर आधी त्याचे पाय, मग पाठ, मग डोकं दिसेनासं झालं.